मोर्चाला ‘नाही’ म्हणा, पण लेखी म्हणा

तालुक्याच्या गावातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पिण्याच्या पाण्याच्या योजनेचं काम दोन वर्षं रखडलं म्हणून चाळीसेक गावकरी तहसील कचेरीसमोर एक दिवस धरणे धरणार होते. आठ दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. उत्तर आलं नाही. आदल्या संध्याकाळी ‘१४९ ची नोटीस’ हातात पडली. पहाटे पाचला तिघांना घरून उचललं, दिवसभर ठाण्यात बसवलं आणि सूर्य मावळल्यावर सोडलं. गुन्हा नाही, अटक नाही, कागद नाही. ‘मग लोकशाही म्हणजे पाच वर्षांनी बटण दाबायचं, एवढंच का?’

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षं वकिली करतो. आंदोलनाच्या गुन्ह्यांत माझं नाव जरा जास्तच दिसतं, कारण या कामांत फी मिळत नाही आणि त्यामुळे दुसरं कोणी वकीलपत्र घेत नाही. तुमचा प्रश्न वाचताना मी दोन शब्दांखाली रेघ मारली : ‘कागद नाही’. उत्तर तिथूनच सुरू करतो.

लाठीमार झाला की बातमी होते. पण माझ्या बघण्यात तालुका पातळीवरची बहुतेक आंदोलनं लाठी न उगारताच मरतात. अर्ज घेऊन गेलात की ठाणे अंमलदार म्हणतो, पीआय साहेब बंदोबस्ताला गेलेत. पीआय म्हणतात, डीवायएसपी साहेबांकडे पाठवलाय. डीवायएसपींच्या कचेरीतला बाबू म्हणतो, आमच्याकडे आवक दिसत नाही. या फेऱ्यांत सात दिवस जातात आणि आठव्या दिवशी नोटीस येते. ‘परवानगी नाकारली’ असं कोणीच कुठे लिहीत नाही. लिहिलं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की त्याला आव्हान देता येतं.

पोलीस वाईट म्हणून हे होतं, असं मी म्हणत नाही. पीआयच्या खुर्चीत बसून बघा. परवानगी दिली आणि एक दगड पडला, तर त्याची चौकशी लागते, बदली होते. परवानगी दिली नाही आणि तिघांना दिवसभर डांबलं, तर कोणी त्याला विचारतही नाही. हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाही. तुम्हाला लेखी नकार मागायचा आहे तो हा हिशेब थोडा तरी बदलावा म्हणून.

आता नोटीस. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९ हे जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६८ झालं. लोक आणि हवालदार दोघंही अजून एकशे एकोणपन्नासच म्हणतात. मजकूर साधारण ठरलेला असतो : कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास सर्वस्वी जबाबदार धरण्यात येईल आणि ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल. वाचताना घाम फुटतो. पण मूळ कलम काढून बघा. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते असा) होऊ नये म्हणून पोलिसाने मध्ये पडावं, एवढंच ते सांगतं. ते पोलिसाचं कर्तव्य आहे. तुमच्या धरण्यावर बंदी घालायचा अधिकार त्यात कुठेही नाही. ही नोटीस म्हणजे मनाई आदेश नव्हे, आणि ती मिळाल्यावर तुम्ही शांतपणे बसलात तर केवळ तेवढ्याने गुन्हा होत नाही.

मनाई येते ती दुसरीकडून. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७, पोटकलम १ आणि ३. स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, दर पंधरवड्याला एक चौकट येते : ‘जिल्ह्यात अमुक तारखेपासून जमावबंदी’. आगामी सण, जयंत्या, विविध संघटनांची आंदोलनं असं कारण दिलेलं असतं. पाच किंवा त्याहून जास्त लोकांनी परवानगीशिवाय जमायचं नाही. लग्न आणि अंत्ययात्रा वगळून. पोटकलम ३ खालचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून पंधरा दिवस संपले की नवा आदेश निघतो. तारीख तेवढी बदलते. एकदा मी एका वर्षाची कात्रणं चिकटवून वही केली होती. जमावबंदी नसलेले दिवस मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली. आपत्कालासाठी दिलेलं हत्यार रोजच्या भाजी चिरायला वापरायचं, असा हा प्रकार. तुमच्या धरण्याला ‘परवानगी’ लागते ती प्रत्यक्षात या चौकटीमुळे. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. ‘वाजवी’ या शब्दावर गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं भांडण चाललंय.

त्या भांडणात आपली बाजू लोक समजतात तितकी पडकी नाही. आपलाच पोलीस कायदा, तेव्हाच्या ‘मुंबई पोलीस अधिनियम’ या नावाने, गुजरातेतही लागू होता. अहमदाबादेत रस्त्यावर सभेला परवानगी नाकारली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं. हिंमतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, निकाल सन १९७२ चा. न्यायालय म्हणालं, रस्त्यावरच्या सभांचं नियमन जरूर करा, पण परवानगी द्यायची की नाही हे कसल्याही कसोटीशिवाय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकणार नाही. तो नियम रद्द झाला. पन्नास वर्षं उलटली. मर्जी मात्र ठाण्याठाण्यात टिकून आहे.

मला त्याहून जवळचं वाटतं ते माजलगावचं प्रकरण. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध तिथल्या जुन्या ईदगाह मैदानावर संध्याकाळी सहा ते दहा बेमुदत धरणे धरायचं होतं. पोलिसांनी परवानगी नाकारली, आणि आधार दाखवला तो बीडच्या अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी काढलेल्या कलम ३७ च्या आदेशाचा. १३ फेब्रुवारी २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी, दोन्ही रद्द केले. आदेश वरवर सगळ्यांसाठी दिसतो, पण प्रत्यक्षात तो या आंदोलकांसाठीच काढलाय, हे न्यायालयाने ओळखलं. एका कायद्याला विरोध करायचाय एवढ्यावरून कोणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, असंही निकालात आहे. आणि हा देश अहिंसक आंदोलनांमुळेच स्वतंत्र झाला, याची आठवण करून दिली आहे. हा निकाल मी झेरॉक्स करून बॅगेत ठेवतो. ठाण्यात काढून दाखवला की अंमलदार निदान खुर्ची देतो.

त्याच्या महिनाभर आधी, १० जानेवारी २०२० ला, काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या संहितेतल्या जमावबंदीच्या कलम १४४ बद्दल (आता १६३) सांगितलेलं तुमच्या कामाचं आहे : रास्त मतप्रदर्शन किंवा लोकशाही हक्क दाबण्यासाठी हे कलम वापरायचं नाही, आदेशात वस्तुस्थिती लिहायची, आदेश प्रसिद्ध करायचा, आणि तोच तो आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरतो. कात्रणांच्या त्या वहीवर हा परिच्छेद मी पहिल्या पानावर डकवलाय.

आता तुमची पहाट. ‘अटक नाही, फक्त ताब्यात घेतलंय’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकलेलं असतं. पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे ताब्यात आणि ६९ प्रमाणे सुटका, अशी नोंद स्टेशन डायरीत पडते. (त्याच धर्तीचं कलम १७२ नव्या संहितेत आल्यामुळे ही सोय आता देशभर झाली.) पण कलम ६८ काय म्हणतं? पोलिसाने कर्तव्य बजावताना दिलेल्या वाजवी सूचना पाळा. ६९ कधी लागतं? सूचना धुडकावली तर. पहाटे पाच वाजता आपल्या अंथरुणात झोपलेल्या माणसाने कोणती सूचना धुडकावली? हा प्रश्न मी एकदा उलटतपासात विचारला, तेव्हा साक्षीदार फौजदार बराच वेळ छताकडे बघत होते. दुसरा रस्ता जुन्या कलम १५१ चा, आता १७०. दखलपात्र गुन्ह्याचा बेत समजला आणि दुसऱ्या कशाने तो टळणार नसेल, तरच त्या कलमाने प्रतिबंधक अटक करता येते. पाण्यासाठी धरणे हा दखलपात्र गुन्ह्याचा बेत होत नाही.

आणि शब्द काहीही वापरा, माणसाला उठून जाता येत नसेल तर ती कोठडीच आहे. संविधानाचा अनुच्छेद २२ तिथे लागू होतो : कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्या. हे कलम जिवंत ठेवण्यात एका पुणेकराचा वाटा मोठा आहे. मधू लिमये खासदार असताना नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांना बिहारमधल्या लखीसराय स्टेशनवर पकडलं. त्यांनी त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. अटकेची कारणं सांगितली नव्हती, एवढ्या एका मुद्द्यावर न्यायालयाने त्यांना सोडलं. पुढे १९७० मध्ये त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या प्रकरणात सात न्यायाधीशांनी कलम १४४ वैध ठरवलं, ते लिमये हरले असंच म्हणायला हवं. पण त्याच निकालात चॅप्टर केसबद्दल असं सांगितलं की चौकशी सुरू केल्याशिवाय दंडाधिकाऱ्याला हंगामी बंधपत्र मागता येणार नाही. हरलेल्या खटल्यातला तो परिच्छेद आज माझ्यासारख्याच्या रोजच्या वापरात आहे.

चॅप्टर केस म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर लवकरच होईल. कलम १०७ (आता १२६) खाली ‘शांतता भंग करण्याचा संभव’ म्हणून कार्यकारी दंडाधिकारी नोटीस काढतो : सहा महिने, वर्षभर नीट वागेन असा बॉण्ड का घेऊ नये? तालुक्यात हे काम तहसीलदार बघतो. म्हणजे ज्याच्या दारात तुम्ही बसणार होतात, तोच तुमच्या शांततेचा निवाडा करतो. पोलीस आयुक्तालयाच्या शहरांत सहायक आयुक्त हे काम करतात. प्रस्ताव पोलिसाचा, न्यायनिवाडाही पोलिसाचाच. शिक्षा होत नाही, पण दर तारखेला रोज बुडतो. साहेब दौऱ्यावर असले की पुढची तारीख.

माझ्याकडे एक मुलगा आला होता. भरतीची तयारी करणारा, पहाटे चारला उठून पाच किलोमीटर पळणारा. पीकविम्याच्या धरण्यात तो वडिलांना डबा द्यायला आला आणि फोटोत सापडला. मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा लागला, त्याच्यासकट सतरा जणांवर. त्याने मला विचारलं, “सर, चारित्र्य पडताळणीत हे दिसणार का?” मी म्हटलं, दिसणार, आणि लपवलंस तर जास्त अडचण होईल. तो खाली बघून बुटाची लेस परत परत बांधत होता. त्या गुन्ह्यात दंड झाला असता तर शे-दोनशे रुपयांचा. पण त्या गावातून पुढची तीन वर्षं एकही तरुण पोरगं कुठल्या धरण्यात दिसलं नाही. म्हातारे तेवढे येऊन बसत. एवढं काम एका एफआयआरने केलं, आणि यात कुठेही लाठी नाही, हे लक्षात घ्या.

(तो गुन्हा पुढे टिकला नाही. आदेशभंगाच्या गुन्ह्याची, जुन्या दंड संहितेतल्या १८८ ची, आताच्या न्याय संहितेतल्या २२३ ची दखल घ्यायला ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची न्यायालयात लेखी तक्रार लागते. प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १९५, नागरिक सुरक्षा संहितेचं नवं २१५. पोलिसांनी नुसतं दोषारोपपत्र टाकून चालत नाही. तुमच्यावर असा गुन्हा लागला तर वकिलाला पहिल्याच तारखेला हे विचारा. मुलाचं भरतीचं वय तोवर निघून गेलं होतं.)

सरकार अधूनमधून आंदोलनांचे खटले मागे घेण्याचा निर्णय काढतं. जीवितहानी नको, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नको, अशा अटी असतात. चांगली गोष्ट. पण समितीपुढे कोणाची यादी आधी जाते, हे त्या त्या वेळी मुंबईत कोण बसलंय त्यावर ठरतं. डबा द्यायला आलेल्या पोराची यादी कोणी नेत नाही.

आता तुमच्या ‘लोकशाही म्हणजे काय’ कडे येतो. अधिकारी मंडळींना एक उतारा पाठ असतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह आणि असहकार सोडून द्यायला हवेत, तो अराजकाचा मार्ग आहे. एका सुनावणीत सरकारी वकिलांनी हा उतारा वाचून दाखवला तेव्हा मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बाबासाहेबांची अट ‘घटनात्मक मार्ग खुले असतील तर’ अशी आहे, आणि शांततेने एकत्र जमणं हा खुद्द संविधानाने दिलेला मूलभूत हक्क आहे. धरणे हाच घटनात्मक मार्ग; तो बंद करणारा त्या उताऱ्याचा आधार कसा घेणार? दुसरी गोष्ट महाडची.

तुमचं धरणे पाण्यासाठी होतं म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता. प्यायला पाणी नव्हतं. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं रांगेने चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. मग मारहाण झाली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर विरोधकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. मंडपात हजारो लोक जमलेले, तळ्यावर जायला उतावीळ. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं गेली. पण बघा, त्यांना अडवणारा हुकूम लेखी होता, त्यावर तारीख होती, न्यायाधीशाची सही होती, म्हणून तो लढवून उलटवता आला. परकीय राजवटीत एवढं तरी मिळत होतं. तुमच्या पहाटेच्या उचलाउचलीला उलटवण्यासारखं काही हातातच नाही.

मला विचाराल तर लोकशाहीची ओळख मी तिथे करतो. मत तर आपण देतोच. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात साध्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाला सरकारला कारणासह, सहीनिशी उत्तर द्यावं लागतं की नाही, हे मी बघतो. निवेदन घ्यायला खुर्चीवरचा माणूस बाहेर येतो की नाही, तेही त्यातच आलं. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला होता, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी. बायका होत्या, लेकरं होती. बॅरिकेडपुढे वाट बघत थांबले होते, कोणीतरी येऊन निवेदन घेईल म्हणून. वेळेत कोणी आलं नाही. संध्याकाळी चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. गोळी सुटली नव्हती. नागपूरला कधी गेलात तर झीरो माइलजवळ गोवारी स्मारक आहे, थांबून या.

याच्या उलटही घडलेलं आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले, जवळपास १८० किलोमीटर. दहावीच्या परीक्षा होत्या, म्हणून शेवटच्या टप्प्यात सायनहून आझाद मैदानापर्यंत ते रात्रीतून चालले. फुटलेले पाय सगळ्या देशाने पाहिले. सरकारने बोलावून चर्चा केली, मागण्यांवर लेखी आश्वासन दिलं. त्यातलं पुढे किती पाळलं गेलं, यावर त्या शेतकऱ्यांनाच विचारा. पुढच्याच वर्षी ते पुन्हा चालत निघाले होते. पण त्यांच्याकडे दाखवायला कागद होता.

आपल्या बाजूचंही थोडं ऐकून घ्या. रास्ता रोको आणि धरणे एकच नव्हे. शाहीनबागच्या निकालात, ऑक्टोबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही. २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख भरायला लावले होते, तेही बरोबरच होतं. ठरलेली जागा, ठरलेली वेळ यांना माझा विरोध नाही. पण जागा अशी नको की तिथून आवाज तहसीलदाराच्या खिडकीपर्यंत पोचणारच नाही. परवा एका तालुक्यात आंदोलनासाठी जागा नेमून दिली ती बाजार समितीच्या मागची, जनावरांच्या बाजाराची. बैल तेवढे ऐकत होते.

आता पुढचं. पहिलं, माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : तुमच्या अर्जावरची टिपणी, त्या दिवशीची स्टेशन डायरीची प्रत आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. चित्रण पुसलं जायच्या आत अर्ज टाका, याच आठवड्यात. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. पुढे उपयोगी पडतं.

दुसरं, धरण्याची नवी तारीख किमान तीन आठवडे पुढची धरा. अर्ज ठाण्यात, उपविभागीय अधिकाऱ्याकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे, तिन्हीकडे द्या. माणसं किती, जागा कोणती, किती ते किती, ध्वनिक्षेपक आहे की नाही, स्वयंसेवक कोण, हे लिहा. शेवटी एक ओळ टाका : परवानगी नाकारायची असल्यास कारणांसह लेखी आदेश अमुक तारखेपर्यंत मिळावा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ती तारीख उलटली की खंडपीठात याचिका टाकायला तुमच्याकडे निदान काहीतरी असेल, आणि धरण्याला दहा दिवस शिल्लक असतील. आदल्या रात्री माझ्या दारात आलात तर मी चहाशिवाय काही देऊ शकत नाही.

आणि नोटीस पुन्हा येईलच. ती घ्यायला नकार देऊ नका. दारावर चिकटवून पंचनामा करतात, त्यात तुमचंच नुकसान. घ्या, वाचा, आणि सही करायच्या आधी त्यांच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहा : ‘प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही. आमचा अर्ज अमुक तारखेचा, उत्तर मिळालेलं नाही.’ खाली तारीख आणि घड्याळातली वेळ टाका. हवालदार म्हणेल, नुसती सही करा. त्याला सांगा, वकिलाने सांगितलंय.